पाय हलव

"पाय हलव," कुणीतरी म्हणत होतं. आणि मी हलवतच होते.

मी पालथी होते. डोळ्यांवर चिकटपट्टी, त्यामुळे सगळा अंधार. घशात नळी होती, म्हणून आवाज काढायची सोय नव्हती. दुखत काहीच नव्हतं. पाठीवर कुणीतरी भिजलेलं गाठोडं ठेवलंय एवढंच वाटत होतं.

"वसुधा, ऐकू येतंय ना? माझा हात दाब. हां, शाब्बास. दाब अजून. आता पाय हलव. दोन्ही पाय हलव बाळा."

मी बोटं आत दुमडली, बाहेर सोडली, टाचा वर उचलल्या. माझ्या मते मी अगदी जोरजोरात पाय झाडत होते.

"पाय गं, पाय! हात नाही."

हलवतेय की! मला ओरडायचं होतं. दिसत नाही का तुम्हाला? मी अजून जोर लावला. पायाच्या बाजूनं एका पुरुषाचा आवाज आला, शांत, पण ओढलेला.

"नाही हलत सर. दोन्ही नाही."

तेव्हा मला समजलं की मी जे हलवत होते ते पाय नव्हते. ते नुसतं माझ्या डोक्यात चाललं होतं.

मला मध्येच उठवणार आहेत, हे मला आधीपासून ठाऊक होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोलापूरच्या त्या दवाखान्यात डॉक्टर मेनकुदळेंनी आम्हा तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. तिघं म्हणजे अण्णा, आई आणि मी. दहावीची परीक्षा झाली होती, उन्हाळा असा पेटला होता की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता.

माझा पाठीचा कणा वाकडा होता. बार्शीत अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या मुलींचे फोटो काढावेत ते थळकरींनीच, असं गावात म्हणत. कुणाची मान आखूड, कुणाचा डोळा बारीक, अण्णा असा काही उजेड टाकत की वैगुण्य सावलीत जाई. माझा बाक पहिल्यांदा त्यांनीच पाहिला, कॅमेऱ्यातून. मी सातवीत होते. "वसू, सरळ उभी राहा," ते म्हणाले. मी म्हटलं, "उभीच आहे की." "खांदा खाली घे उजवा." मी घेतला. त्यांनी काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि नुसते बघत राहिले. खांदा खाली गेलाच नव्हता.

त्यानंतर बाक वाढतच गेला. दहावीत जिना चढताना मला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, हे इथंच थांबवलं नाही तर पुढं फुफ्फुसावर येईल.

आईनं या सगळ्यात तोंडातून शब्द काढला नव्हता. ती माझे झंपर एका बाजूनं आत पट्टी घालून शिवायची, म्हणजे खांदे सारखे दिसत. वेण्या मागं सोडू द्यायची नाही, एक पुढं घ्यायला लावायची. बायकांच्यात मला कधी अंघोळ करू दिली नाही, नदीवर पोहू दिलं नाही. बाहेरच्या माणसासमोर तर ती बोलतच नसे. अण्णा बोलत, आई पदर सावरून मागं उभी राहायची. आमच्या घरात ते तसंच होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

डॉक्टर मेनकुदळेंनी टेबलावर एक प्लॅस्टिकचा कणा ठेवला होता. त्याला दोन्ही बाजूंनी सळया लावलेल्या.

"हे हुक, हे स्क्रू. हे मणक्यांत बसतात," ते म्हणाले. "आणि ही सळई. गंमत यात आहे बघा, प्रत्येकाची पकड वेगळी सैल करता येते, वेगळी आवळता येते. सळईवर पुढंमागं सरकवता येते. म्हणजे एका दणक्यात सरळ करायचं नाही. थोडा ताण द्यायचा, आवळायचं. अजून थोडा द्यायचा, आवळायचं."

"किती सरळ होईल?" अण्णांनी विचारलं.

"झेपेल तेवढी."

"फोटोत कळणार नाही एवढी?"

डॉक्टर हसले नाहीत. "बघू," म्हणाले.

मी विचारलं, "आणि ताण जास्त झाला तर?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "चांगलं विचारलंस. कण्याच्या आतून पायांकडं जाणारा मज्जारज्जू असतो. ताण जास्त झाला तर त्याला सोसत नाही. म्हणून ताण दिल्यावर आम्ही तुला मध्येच जागं करणार. पाय हलवायला सांगणार. हलवलेस की परत झोपवणार."

"चालू ऑपरेशनमध्ये?" अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "पाठ उघडी असताना?"

"तिला दुखणार नाही. आणि बहुतेकांना नंतर आठवतही नाही."

आई उठली आणि बाहेर निघून गेली. आम्हाला वाटलं, तिला घेरी आली.

संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर बोल्लीबाई वॉर्डात आल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, तोंडात कायम लवंग. त्यांनी माझी तालीमच घेतली. "मी म्हणेन हात दाब, तू दाबायचं. मी म्हणेन पाय हलव, तू हलवायचं. बाकी काही करायचं नाही. उठायला जायचं नाही. घाबरायचं नाही की. मी तिथंच डोक्याशी बसलेली असते बाई, कुठं जात नाही."

मी खाटेवर पालथी पडून पाय हलवून दाखवले. आम्ही दोघी हसलो.

आणि आता पाय हलत नव्हते.

"जागी आहे का पुरती?" हा मेनकुदळेंचा आवाज. अगदी माझ्या वरून, पाठीच्या वरून येत होता.

"पुरती जागी आहे. हात मोडेल माझा, इतकी दाबतेय."

"परत सांगा."

"वसू, पाय हलव."

मी जीव एकवटला. काहीच झालं नाही, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. खोलीत मशीनची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"सोडतो सगळं," मेनकुदळे म्हणाले. "सिस्टर, पाना द्या. किणीकर, तुम्ही हातमोजे काढा आणि बाहेर जाऊन सांगून या. पाय हलत नाहीयेत, म्हणून ताण सोडतोय म्हणावं. पाठ सरळ होणार नाही. पाय परत येतील का, ते आत्ता सांगता येत नाही. एवढंच सांगा. बोल्लीबाई, तिला झोपवू नका. परत विचारायचंय."

दार उघडलं, मिटलं. मग धातूवर धातूचा आवाज. करकर. पाठीवरचं गाठोडं एका बाजूला कलल्यासारखं झालं. परत करकर. माझ्या आत कुणीतरी काहीतरी सैल करत होतं आणि ते मला कळत होतं. ही गोष्ट मी पुढं कुणाला सांगायला गेले की माणसं कानांवर हात ठेवतात. पण खरं सांगते, त्यात भीती नव्हती. भीती त्यानंतर आली.

दार परत उघडलं.

"सर." हा मघाचाच पायाशी असलेला आवाज, किणीकरांचा. "सर, ते नको म्हणतात."

"काय नको?"

"घरचे. सोडू नका म्हणतात. पाठ सरळ राहू द्या म्हणतात. पाय…" ते अडखळले. "पाय गेले तरी चालतील म्हणतात."

टिकटिक चालू होती. करकर थांबली होती.

"किणीकर, ती जागी आहे," बोल्लीबाई दबक्या आवाजात खेकसल्या.

मग मेनकुदळेंचा आवाज आला, जणू मध्ये काही घडलंच नाही.

"पाना."

करकर पुन्हा सुरू झाली. एक. अजून एक. मी मोजायचं सोडून दिलं. पाठीवरचं गाठोडं हळूहळू हलकं होत गेलं, आणि तळपायांत मुंग्यांसारखं काहीतरी चावायला लागलं. मला जाणवलं ते. पाय परत येत होते. आणि मला ते नको होते.

"वसुधा, पाय हलव."

मी हलवला नाही.

"वसू? पाय."

घरच्यांना चालणार होतं ना. मग कशाला हलवायचे? सोळा वर्षांची होते मी. पालथी, आंधळी, तोंडात नळी. माझ्या हातात तेवढंच होतं, न हलवणं.

"नाही सर," किणीकर म्हणाले. कुणीतरी जोरात श्वास सोडला.

मग लवंगेचा वास आला. बोल्लीबाईंनी तोंड माझ्या कानाला लावलं असणार. इतक्या हळू बोलल्या की बाकी कुणाला ऐकू गेलं नसेल. "ऐकलंस ना तू? मला ठाऊक आहे ऐकलंस. हे बघ, त्यांच्यासाठी नको हलवू. माझ्यासाठी पण नको. पण ते पाय तुझे आहेत की गं. हलव."

मी हलवला.

"हलला! अंगठा! उजवा हलला सर. डावा… डावा पण!"

कुणीतरी रडल्यासारखं हसलं. बहुतेक किणीकरच. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा अण्णांचा चेहरा दिसला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. "वसू," ते म्हणाले आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. मी डोळे मिटून घेतले.

घरचे म्हणजे अण्णा. दुसरं कोण असणार? दवाखान्यात सही अण्णांची, प्रश्न अण्णांचे, फोटोत कळणार नाही एवढी सरळ हवी होती ती अण्णांना. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. हूं की चूं नाही. सिस्टरला वाटलं, भुलीचा परिणाम आहे. अण्णा ओला पंचा करून माझ्या पायावर टाकायचे, गरम होतंय म्हणून. मी पाय ओढून घ्यायचे. ते परत टाकायचे. बर्फाचा गोळा आणला एकदा, त्या उन्हात पळत पळत, निम्मा वितळून कोपरापर्यंत ओघळ आलेले. मी तोंड भिंतीकडं केलं. आई तो चमच्यानं मला भरवायला लागली तेव्हा मात्र खाल्ला.

आई दिवसभर खाटेच्या पायथ्याशी बसायची. डोक्याशी यायचीच नाही. माझ्याशी बोलताना तिची नजर चादरीवर असे. मला वाटायचं, बिचारीला माझे हाल बघवत नाहीत.

मग एका दुपारी एक्स-रे आला.

वॉर्डबॉयनं पाकीट खाटेवर ठेवलं. अण्णांनी सवयीनं फिल्म बाहेर काढून खिडकीशी उजेडात धरली. आयुष्यभर निगेटिव्ह बघितलेला माणूस, त्यांना काय दिसायचं ते लगेच दिसलं. मला खाटेवरून त्यांची पाठ दिसत होती. ती हळूहळू ताठ होत गेली.

"वाकड्या आहेत," ते म्हणाले. "कला, हे बघ. सळयाच वाकड्या आहेत!"

आई मोसंबं सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"थोडा बाक राहील म्हणाले होते मला ते. थोडा! हा थोडा आहे? सरळ करायला म्हणून सळया घातल्या आणि त्याच वाकवून बसवल्या? अगं, अडाण्याला कळेल." त्यांचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "याला जमलेलं नाही काम. जमलं नाही म्हणून मग पाय वाचवले, पाय वाचवले! काय झालं होतं पायांना? धडधाकट चालत आली होती माझी पोर. थांब, त्याला विचारतोच. कॉलर धरून विचारतो."

ते दाराकडं निघाले. फिल्म हातात तशीच फडफडत होती.

"तुमचं ऐकलं नाही त्यांनी, म्हणून राग आलाय का?" मी म्हणाले.

इतक्या दिवसांनी माझा आवाज ऐकून ते जागेवरच थांबले. वळले. "काय म्हणालीस?"

"सोडू नका म्हणालात ना तुम्ही? पाय गेले तरी चालतील. पाठ सरळ राहू द्या. मी ऐकलंय अण्णा. मी जागी होते."

अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यावर. काहीच नव्हतं. एखाद्याला अनोळखी माणसानं रस्त्यात थोबाडीत मारावी, तसे ते बघत होते.

"मी?" ते म्हणाले. "मी कुठं होतो तिथं? मला रक्ताच्या बाटल्या आणायला पिटाळलं होतं गं. मी रक्तपेढीत होतो, ओळीत उभा. परत आलो तेव्हा दार बंद होतं आणि…"

ते बोलता बोलता थांबले. आम्ही दोघांनी एकदमच आईकडं पाहिलं.

मोसंब्याची साल तिच्या बोटांना लोंबत होती. हात थांबले होते.

"मी म्हणाले," आई म्हणाली.

वॉर्डातला पंखा फिरत होता. म्हातारी पुन्हा आडवी झाली, भिंतीकडं तोंड करून. तिलाही ऐकायचं नसावं.

"तू?" अण्णा म्हणाले. "तू परक्या माणसाशी बोललीस?" काय विचारत होते ते त्यांचं त्यांना तरी कळत होतं की नाही कोण जाणे. "अगं, तुला कळलं तरी का तो काय सांगतोय? घाबरली असशील. तुला कळलं नसेल."

मला वाटलं, आई हो म्हणेल. हो म्हण, मी मनात म्हणत होते. कळलं नाही म्हण.

"सगळं कळलं," आई म्हणाली. "दोनदा विचारलं मी त्याला. पाय जातील का? म्हणाला, जाऊ शकतात. पाठ वाकडी राहील का? म्हणाला, राहील. मग मी सांगितलं."

"आई," मी म्हणाले.

तिनं मोसंबं ताटलीत ठेवलं, पदराला हात पुसले, आणि मग माझ्याशी नाही, अण्णांशी नाही, चादरीशी बोलावं तशी बोलायला लागली.

"शेवंता तापानं गेली नाही. तुमच्याकडं तसं सांगितलं होतं."

शेवंता म्हणजे माझी मावशी, आईची पाठची बहीण. माझ्या जन्माआधीच गेलेली. तिचा फोटोसुद्धा घरात नव्हता, आणि फोटोवाल्याच्या घरात ही नवलाचीच गोष्ट होती. पण मला कधी तसं वाटलं नव्हतं.

"तिची पाठ हिच्यासारखीच होती. अशीच. याच वयात वाढायला लागली. बघायला आले तेव्हा तिच्या खांद्यावर पदर मी चापून दिला. मीच. शाल दिली वरून, थंडीचे दिवस होते. काही कळलं नाही त्यांना. लग्न झालं. मग कळलंच की. लपणार थोडंच? सासू तिला चार बायकांत पाठमोरी उभी करायची. फसवून दिलेला माल म्हणायची. आणून घातली परत आमच्या दारात. आमच्या गावात तर काय, पोरं मागं लागायची, कुबडी, कुबडी. पाण्याला जायची ती विहिरीवर, बायका बाजूला सरायच्या. एक दिवस कळशी काठावर ठेवली आणि…" तिनं हातानं खाली दाखवलं. "धडधाकट पाय होते तिला. पायांनीच चालत गेली विहिरीपर्यंत."

अण्णा खाटेच्या कडेवर बसले. फिल्म त्यांच्या हातातून घसरून खाली पडली, ती कुणी उचलली नाही.

"मला सांगितलं असतंस," ते म्हणाले. "इतकी वर्षं…"

"काय सांगणार होते? खोट आमच्या रक्तात आहे म्हणून? तुम्ही कॅमेऱ्यातून हिची पाठ बघितलीत, त्याच्या आधी मी बघितली होती. न्हाऊ घालताना. हात लावल्याबरोबर कळलं मला. म्हटलं, आली. परत आली." मग पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं पाहिलं. "त्या डॉक्टरानं विचारलं तेव्हा मला तू दिसली नाहीस. ती दिसली."

मला अण्णांचा राग बरा होता. सोपा होता तो. हे कुठं ठेवायचं, ते मला कळेना.

"मी चालले नसते आई," मी म्हणाले.

"मी उचललं असतं."

झटकन म्हणाली. हे उत्तर ऑपरेशनच्या त्या दारातच तिनं तयार ठेवलं होतं.

"सगळं केलं असतं तुझं. हागणं, मुतणं, सगळं. घरात बसली असतीस माझ्यापाशी. सरळ. कुणी नावं ठेवली नसती. पायानं अधू असलं की लोक हळहळतात तरी. पाठीला हसतात."

"किती वर्षं उचललं असतंस?"

"मी आहे तोवर."

"आणि नंतर?"

आईच्या डोळ्यांत मला दिसलं की तिथपर्यंत ती गेलीच नव्हती. त्या बंद दारासमोर उभी असताना तिचा विचार विहिरीपाशी पोचून थांबला होता.

मी अण्णांकडं वळले. का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. "अण्णा, तुम्ही तिथं असता तर काय म्हणाला असता?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं असतं, काय भलतंच विचारतेस म्हणाले असते, तर मी विश्वास ठेवला असता. ते बराच वेळ आपल्या हातांकडं बघत बसले.

"मला माहीत नाही वसू," ते म्हणाले. "देवाशपथ, मला माहीत नाही."

तेवढ्यात मेनकुदळे राउंडला आले. मागं बोल्लीबाईही होत्या. जमिनीवर पडलेली फिल्म मेनकुदळेंनी उचलली, झटकली, एक नजर टाकली आणि अण्णांकडं बघितलं. शिव्या खायची त्यांची तयारी होती, असं मला वाटलं. अण्णा उभे राहिले. हात जोडले. पुन्हा खाली बसले.

"सळया वाकड्या का आहेत ते सांगतो," डॉक्टर म्हणाले. "ताण सोडला तेव्हा हिची पाठ जिथं येऊन थांबली, तिथंच धरून ठेवायची होती. म्हणून सळया तशा वाकवून घेतल्या. बाक गेला नाही. पण आता वाढणार नाही. श्वासाला धोका नाही."

"डॉक्टर, मला आठवतंय," मी म्हणाले.

बोल्लीबाईंचा हात तोंडाकडं गेला.

"सगळंच. हात दाबला ते. पाय हलले नाहीत ते. किणीकर डॉक्टर आत येऊन काय म्हणाले ते."

मेनकुदळे एकदम म्हातारे दिसायला लागले. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. राउंडला डॉक्टर बसत नाहीत. "ते तुझ्या कानावर पडायला नको होतं," ते म्हणाले. "माझी चूक आहे. ते दार उघडू द्यायला नको होतं मी."

"आई नको म्हणाली होती. तरी तुम्ही का सोडलंत?"

त्यांनी आईकडं पाहिलं. आई खाली बघत होती. खांदे आक्रसून, आता कुणीतरी मारणार अशी.

"मी किणीकरना विचारायला पाठवलंच नव्हतं," ते म्हणाले. "सांगायला पाठवलं होतं." मग आईला म्हणाले, "ते तुमच्यावर नव्हतंच बाई. तुमचं काही चालणार नव्हतं. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, मी तेच करणार होतो."

आईच्या घशातून एक आवाज आला. रडणं म्हणता येणार नाही त्याला. तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती हुंदके न देता हलत राहिली, नुसती हलत राहिली. मला तेव्हा वाटलं, डॉक्टर तिला टोचून बोलले. फार वर्षांनी कळलं की त्या बाईला त्या दिवशी त्याहून मोठी सुटका कुणी देऊ शकलं नसतं.

बोल्लीबाईंनी नाक ओढलं. "उभं करायचं का हिला?" त्या म्हणाल्या. "उद्या करणार होतो. आजच करू की."

दोन सिस्टर आल्या. मला कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले. मेनकुदळेंनी डावी बाजू धरली. घेरी आली, वॉर्ड फिरला आणि थांबला. फरशी पायाला थंड लागली. इतकी थंड, की मी ओरडलेच. थंड लागतंय म्हणजे केवढं मोठं काय आहे, ते बोल्लीबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

"उजवी बाजू कोण धरतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

अण्णा पुढं झाले. डॉक्टरांनी मान हलवली. "आईंना येऊ द्या."

आई जागची हलेना. मग आली. माझा हात तिनं खांद्यावर घेतला. तिच्या पातळाला मोसंब्याचा वास येत होता.

"टाक," ती म्हणाली. तिची नजर माझ्या पावलांवर होती. "टाक. टाक पुढं."

मी टाकलं. दुसरं टाकलं. पाठ लाकडासारखी झाली होती. पाय कापत होते, पण माझे होते. खाटा संपल्या तिथं मेनकुदळेंनी त्यांचा हात हळूच काढून घेतला. आईनं काढला नाही. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

"सोड," मी तिला म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. सोडलं.

मी एकटी उभी राहिले. खांदा वर, कंबर एकीकडं, जशी होते तशी. आई माझ्याकडं तोंड करून एक पाऊल मागं सरकली. मग अजून एक. दोन्ही हात पुढं पसरून, लहान पोराला चालायला शिकवताना बायका सरकतात तशी, मागं न बघता, भिंतीला पाठ टेकेपर्यंत.

मला तिचा राग आला होता. तो पुढंही पुष्कळ दिवस राहिला. पण त्या वॉर्डात चालत जायला दुसरी दिशाच नव्हती. मी तिच्याकडं निघाले.